एका तालमीची दोन पोरं

आमच्या वस्तादांचं मत असं होतं की नोकरीसाठी साहेबापुढं उभं राहणं ही सरळसरळ कुस्तीच असते, फक्त अंगात कपडे असतात. हे मत त्यांनी कुठून मिळवलं होतं देव जाणे. त्यांनी स्वतः जन्मात कुणाची नोकरी केली नव्हती आणि कचेरीची पायरीही ते फारशी चढले नव्हते. पण वस्ताद एकदा बोलले की पेठेत त्यावर कुणी तोंड उघडत नसे, आणि आम्ही दोघं तर त्यांच्या डोळ्यांसमोर लाल मातीत लोळून मोठे झालेलो. त्यामुळं त्या उन्हाळ्यात आमची तयारी झाली ती अशी, की आज आठवलं तरी मला एकट्याला हसू फुटतं.

मी मूळचा गगनबावड्याकडचा. आमचं गाव घाटाच्या माथ्यावर. पाऊस असा की जोंधळा डोळ्यांनी बघायचा तर खाली उतरून यावं लागे. महाराजांनी कोल्हापुरात आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली नसती, तर मी जन्मभर डोक्यावर इरलं घेऊन चिखलात वाकलेला राहिलो असतो. आबांनी मला बैलगाडीतनं आणून बोर्डिंगात सोडलं तेव्हा मी रडलो होतो, आणि पुढं सुट्टीत गावाकडं जायची वेळ आली की मला कोल्हापूर सोडताना रडू यायचं. इतकं कोल्हापूर अंगात भिनलं. पहाटे तालीम, दिवसा इंग्रजी शाळा, संध्याकाळी रंकाळ्याचा काठ. खायला भाकरी आणि आमटी, पण पोट भरल्याची जी जाणीव त्या वयात होती ती पुढं पंगतीत जेवूनही कधी आली नाही.

तालमीत ज्याच्याबरोबर रोज लढून घ्यायचं त्याला जोड म्हणतात. माझा जोड तालमीच्या मागच्याच गल्लीतला, मुसलमानाच्या घरचा. त्याचे वडील घोड्यांना नाल ठोकायचे. महाराजांच्या पागेतली घोडीसुद्धा त्यांच्या हाताखालनं गेलेली, आणि त्यांचा हा एकुलता एक मुलगा मात्र घोड्याला भ्यायचा. चांगला भक्कम गडी, आखाड्यात कुणाला हार जाणार नाही, पण समोरून टांगा आला की माझ्या पलीकडच्या बाजूला व्हायचा. त्याची आई मला स्वतःच्या मुलाच्या शेजारी बसवून वाढायची आणि खायला नको म्हटलं तर दोघांनाही सारख्याच शिव्या घालायची. वस्तादांनी पहिल्या दिवशी आमची उंची आणि खांदे बघितले, दोघांच्या मानेवर हात ठेवून एकमेकांसमोर ढकललं आणि म्हणाले, "ही जोड." त्यानंतर आम्हाला वेगळं कुणी मोजलंच नाही.

दोघांची शाळा एकाच वर्षी संपली. शाळा संपली म्हणजे उन्हाळा सरला की माझं बोर्डिंगही संपणार होतं. नोकरी लागली तर कोल्हापूर, नाही तर परत घाट चढून घरी, एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता. त्याच्यापुढं प्रश्न होता घोड्यांचा. नोकरी लागली तर लेखणी, नाही तर हातोडा आणि घोड्याचा पाय मांडीवर. अशात दरबारच्या एका कचेरीत जुनी दप्तरं लावायला कारकून पाहिजे असल्याचं कळलं. आम्ही दोघांनीही अर्ज टाकले. त्या काळात कचेऱ्यांतून आमच्यासारख्यांना घ्यायला लागले होते, त्यामुळं अर्ज टाकताना छाती पुढं काढून टाकला. जागा किती आहेत हे विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. बोलावणं आलं तेव्हा समजलं, जागा एकच.

बातमी तालमीत पोचायला वेळ लागला नाही. पहाटे आम्ही लंगोट चढवून आखाड्यात उतरणार, तोच वस्तादांनी हात वर केला.

"थांबा. जागा एक, आनि आपली पोरं दोन. खरं काय?"

"व्हय वस्ताद."

"म्हंजे एका तालमीची दोन पोरं एकमेकांच्या अंगावर सोडायची? ह्या तालमीत ह्ये कवा झालं न्हाय, आनि मी हाय तवर व्हनार न्हाय."

इथं एक रिवाज सांगायला हवा, नाही तर पुढचं सगळं खुळेपणाचं वाटेल. तसं ते सांगूनही वाटेलच. एका तालमीचे दोन पैलवान मैदानात एकमेकांशी कधी लढत नसत. चुकून जोड ठरलीच तर दोघं आखाड्यात यायचे, सलामी द्यायचे, हातात हात घेऊन एक फेरी मारायचे आणि बाहेर पडायचे. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. लोकही त्यावर टाळ्या वाजवायचे. एका वस्तादाच्या हाताखाली एका मातीत वाढलेल्यांनी एकमेकांची पाठ मातीला लावायची नाही, ही गोष्ट आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजल्यासारखी होती.

मी धीर करून म्हटलं, "वस्ताद, ही कुस्ती न्हवं. साहेब इचारनार, आमी सांगनार."

"त्येच की! त्यो डाव टाकनार, तुमी सोडवनार. मग कुस्ती न्हाय तर काय नाटक हाय व्हय?"

वस्तादांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला. "जावा दोघंबी. पर एकानं दुसऱ्याला चीत करायचं न्हाय. एक अडला की दुसऱ्यानंबी थांबायचं. बरोबरीत सुटायचं. मग साहेबाला घ्यायचं तर दोघास्नी घेईल, न्हायतर दोघास्नी घरला लावंल. तालमीचं नाव तेवडं ऱ्हाईल." मग त्यांनी आम्हाला आखाड्यात वाकायला लावून दोघांचे तळहात मातीवर टेकवून घेतले. असा शब्द आमच्याकडं मोडत नाहीत.

त्या दिवसापासून वस्तादांनी आमची तयारी अंगावर घेतली. मैदानाच्या आधी पैलवानाला जसं जपतात तसं आम्हाला जपायला सुरुवात झाली. जोर-बैठका कमी केल्या, कारण अंग मोकळं पाहिजे. म्हशीचं धारोष्ण दूध, वर बदाम आणि खसखस घोटून केलेली थंडाई. "डोस्क्याला चढलं पायजे," असं ते म्हणायचे. डोक्याला काय चढलं ठाऊक नाही, आम्हाला दुपारी शाळेच्या बाकावर बसल्यासारखी गाढ झोप मात्र लागायची. लोणचं बंद, चिंच बंद. साहेबाच्या डोळ्यांकडं बघायचं नाही, पायांकडं बघायचं, कारण माणूस डोळ्यांनी फसवतो, पायांनी फसवू शकत नाही. आत गेल्यावर मागं पाऊल घ्यायचं नाही. खुर्चीत बसा म्हणाला तर लगेच बसायचं नाही, आधी त्याची पकड कशी आहे ते बघायचं.

तयारीचा कळस म्हणजे वस्ताद स्वतः साहेब व्हायचे. आखाड्याच्या काठावर मांडी घालून बसायचे, अंगावर पटक्याचा तुकडा शालीसारखा घ्यायचे आणि आवाज बारीक करून आम्हाला प्रश्न विचारायचे. साहेब बारीक आवाजात बोलतात अशी त्यांची खात्री होती. प्रश्न असे: पंचगंगेला पूर आला तर दप्तर पहिलं वाचवशील की म्हातारा साहेब? गाभण म्हैस चोरली तर रेडकू कुणाचं? कचेरीत साप निघाला तर काय करशील? माझा जोड म्हणाला, "साहेबाला सांगंन." वस्ताद खूश झाले. त्यांच्या मते हे उत्तर दरबारी होतं.

बोर्डिंगातल्या मास्तरांना हे सगळं कानावर आलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी आम्हाला दोघांना बोलावलं आणि उलटी तयारी सुरू केली. बगलेत टोपल्या धरल्यासारखे चालू नका. सर म्हणा. साहेबाच्या पायांकडं काय बघता, तोंडाकडं बघा. आणि पटका जरा खाली ओढून बांधा, कान झाकले पाहिजेत. पैलवानाचे कान मार खाऊन खाऊन मोडलेले असतात, आणि मोडक्या कानांचा माणूस कारकून वाटत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. वस्तादांना हे कळल्यावर ते भडकलेच. "कान झाकायचं? आरं, ज्या राज्यात महाराजच कुस्तीचं येडं, तितं कान म्हंजे सर्टिफिकीट हाय! वर बांदा पटका." दुःख एवढंच की माझे कान म्हणावे तसे मोडलेलेच नव्हते. वस्ताद ते हळूच चाचपून बघायचे आणि चुकचुकायचे. शेवटी तडजोड म्हणून आम्ही एक कान झाकून एक उघडा ठेवायचं ठरवलं.

खरी तयारी झाली ती रंकाळ्यावर. माझं इंग्रजी बरं होतं आणि त्याची मोडी. त्याचे चुलते कचेरीच्या दारात बसून लोकांना अर्ज लिहून द्यायचे. त्यांच्या मांडीवर बसून तो लहानपणीच मोडी शिकला होता. शाळेतली सुबक मोडी नव्हे, कचेरीतली घसीट, लेखणी न उचलता लिहिलेली, जी बघून मला घेरी यायची. आम्ही संध्याकाळी काठावर बसायचो, मधे ओंजळभर करवंदं नाही तर शेंगा. तो चुलत्यांकडचे जुने कागद आणायचा, मी बोर्डिंगातली इंग्रजी वर्तमानपत्रं. तो मला मोडी लावायला, म्हणजे अक्षर ओळखून वाचायला, शिकवायचा, मी त्याला इंग्रजी. तो पटपट उचलायचा. मला मोडी काही केल्या लागेना. तो चिडून म्हणायचा, "आरं, ह्ये अक्षार हाय, गोम न्हवं, घाबरतोस काय?" पाण्यावरनं वारा यायचा, देवळातली घंटा ऐकू यायची, कुणीतरी बैल धुवायला उतरवलेले असायचे, आणि आमच्या पुढ्यात सबंध आयुष्य तसंच पडलेलं होतं. त्या संध्याकाळी मला परत कुणी दिल्या, तर बदल्यात मी माझी पुढची सगळी वर्षं देऊन टाकीन. हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही.

गंमत म्हणजे एकमेकांना शिकवताना आपण एकाच जागेसाठी झटतोय हे आमच्या मनातही येत नव्हतं. माझ्या तरी नव्हतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा वस्ताद तालमीच्या दारात उभे होते. त्यांनी दोघांच्या कपाळाला आखाड्यातली माती लावली. मास्तरांनी ती बोर्डिंगाच्या दारात पुसून काढली. माझ्या जोडाच्या आईनं त्याच्यासाठी दुवा मागितली आणि मग माझ्यासाठीही मागितली. देवाला एकाच जागेसाठी दोन अर्ज गेले म्हणायचे.

कचेरीत उमेदवार पुष्कळ होते. साहेब उमेदवारांना दोन दोन करून आत घेत होते, म्हणजे एकाशी ताडून दुसरा बघता येईल. आमची नावं अर्जांच्या यादीत लागोपाठ, पत्ताही जवळचा, त्यामुळं पट्टेवाल्यानं आम्हा दोघांना एकदमच आत सोडलं. साहेब वाळकेसे, चष्म्याचे, कोल्हापूरच्या बाहेरचे दिसत होते. आवाज खरोखरच बारीक होता. ते ऐकून माझ्या जोडानं मला कोपर मारलं, आणि आम्हाला दोघांना हसू आवरता आवरेना. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. माझी नजर त्यांच्या तोंडावरून निसटून पायांकडं गेली. पायात मोजे होते.

त्यांनी आधी एक इंग्रजी पत्र माझ्या जोडाच्या हातात दिलं. वाचा आणि मराठीत मतलब सांगा. त्यानं वाचायला सुरुवात केली. बरं वाचत होता. मध्यावर येऊन एका शब्दावर तो थांबला. मला आश्चर्य वाटलं, कारण तो शब्द आम्ही रंकाळ्यावर चांगला घोटला होता. पण घाबरल्यावर माणूस स्वतःचं नावही विसरतो. तो म्हणाला, "पुढचं येत नाही, साहेब."

साहेबांनी पत्र माझ्याकडं सरकवलं. "तुम्ही सांगा."

मला सबंध पत्राचा मतलब येत होता. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता. पण तळहाताला मातीचा गारवा जाणवला, आणि मी म्हटलं, "मलाही नीट येत नाही, साहेब." म्हणालो आणि छाती अशी भरून आली म्हणता! शब्द पाळला होता, जोडाची पाठ लावली नव्हती, वस्तादांचं नाव राखलं होतं. मी चोरून जोडाकडं बघितलं. तो माझ्याकडं डोळे फाडून बघत होता. मला वाटलं, कौतुकानंच बघतोय.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी बाजूच्या, दप्तर बांधलेल्या रुमालातून एक जुना कागद काढला आणि ह्या वेळी आधी माझ्यापुढं धरला. मोडी. घसीट, आणि तीही ओल लागून पसरलेली. वरचं 'श्री' मी वाचलं. नंतर एक गावाचं नाव अंदाजानं वाचलं, ते चुकलं. मग अडलो तो अडलोच. साहेबांनी कागद माझ्या जोडाला दिला.

त्यानं तो हातात घेतला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, त्याचे डोळे मला दिसत होते. ते ओळींवरून सरसर खाली जात होते. शेवटाशी त्याच्या ओठाचा कोपरा हलला, म्हणजे मजकूर काहीतरी गमतीचा असणार. पूर्ण कागद वाचून झाल्यावर त्यानं तो टेबलावर ठेवला.

"न्हाय लागत, साहेब."

मी स्वतः तेच केलं होतं तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. त्यानं केलेलं बघताना तसं काही वाटलं नाही. हा माणूस, ज्याला मोडी पाण्यासारखी वाहते, तो मान खाली घालून सांगतोय की मला अक्षर लागत नाही. आणि मी बाजूला खांबासारखा उभा. साहेब आता पट्टेवाल्याला हाक मारणार हे दिसत होतं. मारली की हा उद्यापासून घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसणार. मी बोललो तर मला घाट चढायचा होता, हेही मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. दप्तर मोडीचं होतं. इंग्रजीवाल्याला ते घेणार नव्हते, एवढी अक्कल मला होती. पण राग इतका आला, त्याचा, वस्तादांचा, माझा, की तोंड आपोआप उघडलं.

"साहेब, ह्याला येतंय! खोटं बोलतोय ह्यो. मला मोडी ह्यानंच शिकिवली."

तो माझ्यावर उसळला. "आनि ह्याला इंग्रजी येतंय! मगाशी मुद्दाम गप बसलाय ह्यो."

साहेबांनी चष्मा काढला. "हा काय प्रकार आहे?"

मग मी सगळं सांगितलं. वस्ताद, माती, बरोबरी, सगळं. सांगताना बोर्डिंगातली शिकवलेली भाषा कुठल्या कुठं पळाली. साहेब ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "अहो, पण मी कुठे कुस्ती लावली आहे?" त्यांनी पत्र मला वाचायला लावलं, मी घडाघडा सांगितलं. कागद त्याला दिला. त्यानंही वाचला. कुणाच्या तरी म्हशीनं कुणाचा तरी हरभरा खाल्ल्याची तक्रार होती, आणि म्हशीच्या मालकाचं उत्तर होतं की म्हैस सरळच चालली होती, हरभराच वाटेत आला. साहेब हसले. त्यांचं हसणं आवाजासारखं बारीक नव्हतं, चांगलं खणखणीत होतं.

हसून झाल्यावर त्यांनी माझ्या जोडाला कामावर यायला सांगितलं. मला म्हणाले, "इंग्रजी छान आहे तुमचं. पण माझ्याकडे त्याला काम नाही." आवाजात खरी हळहळ होती. मी नमस्कार केला आणि मागं न सरकता, वस्तादांनी शिकवल्यासारखा, बाजूला वळून बाहेर पडलो.

रस्त्यावर आल्यावर त्यानं मला असं झाडलं की लोक थांबून बघायला लागले. "कुणी सांगिटलं हुतं तुला त्वांड उगडाय? मातीवर हात ठिवून शब्द दिलाता की न्हाय?" मी म्हटलं, "दिलाता. मोडला. आता काय करतोस?" तो रडायला लागला. मग मीही. दोन पैलवान एक कान झाकून, एक उघडा टाकून भर रस्त्यात रडताहेत, हे दृश्य कोल्हापूरनं पुढं बरेच दिवस चघळलं.

तालमीत वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. आम्ही दोघं मान खाली घालून उभे. त्यांनी जोडाला विचारलं, "वाचाय येत हुतं?" तो म्हणाला, "व्हय." "मग न्हाय का म्हनलास?" "तुमीच सांगिटलं हुतं." वस्तादांनी मिशीवर हात फिरवला. आयुष्यात त्यांनी कुणापुढं चूक कबूल केल्याचं मी ऐकलं नव्हतं. ते उठले, माझ्या पाठीवरनं हात फिरवून बघितला आणि हाताकडं बघत म्हणाले, "माती लागलेली न्हाय. जा, आंगूळ कर." माझी पाठ लागली नाही, मी हरलो नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

आबा न्यायला आले. त्यांना मी काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "बरं." गावाला परतताना माझा जोड रंकाळ्याच्याही पुढं, वस्ती संपेपर्यंत गाडीबरोबर चालत आला. मी चालत राहिलो, आबा गाडीत. वळणावर त्यानं माझी मनगटं धरली आणि विचारलं, "खरं सांग. तुला ती मोडी लागत हुती न्हवं? तू मुद्दाम अडलास."

"न्हाय रं. खरंच न्हाय लागली."

"खोटं," तो म्हणाला, आणि वळून चालू लागला.

पुढं महाराजांनी खेडोपाडी शाळा काढल्या तेव्हा आमच्या घाटावरही शाळा आली, आणि मी तिथं मास्तर झालो. त्या नोकरीची तयारी काहीच नव्हती. शाळाखात्याच्या साहेबांनी फक्त विचारलं की पावसाला कंटाळून पळून जाणार नाही ना. नाही म्हटलं, आणि नाही पळालो. पोरं शिकवली, आयुष्य चांगलं गेलं, तक्रार नाही. कोल्हापूरची आठवण यायची ती पावसाळ्यात, शाळेच्या छपरावर दिवसचे दिवस कोसळत असायचं तेव्हा. मग मी पोरांना फळ्यावर काहीतरी उतरवून घ्यायला लावून खिडकीशी उभा राहायचो.

माझा जोड दप्तरात चढत चढत वरच्या जागेवर गेला. महाराज गेले, वस्ताद गेले, तालमीची पोरं बदलली. मी सुट्टीत खाली उतरलो की त्याच्याच घरी उतरायचो. आल्यागेल्याला तो माझी ओळख करून द्यायचा ती अशी: "ह्यो माझा जोड. ह्येनं मला नोकरी दिली." मी चिडायचो. अरे बाबा, मी दिली नाही, मला येत नव्हतं. मग तो घरातनं एखादा जुना मोडी कागद घेऊन यायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "वाच." मी अडखळत दोन ओळी वाचायचो आणि थांबायचो. तो बायकापोरांना म्हणायचा, "बगा, बगा कसं सोंग करतोय. अजून सोडत न्हाय गडी." त्याची नातवंडंसुद्धा माझ्याकडं साधुपुरुषाकडं बघावं तशी बघायची. मला ते मनापासून आवडत नसे. फुकटचा मोठेपणा अंगाला चावतो.

तो शेवटचा आजारी पडला तेव्हा निरोप आला आणि मी गेलो. दुपारची वेळ होती. त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं. एवढा थोरला देह, उशीच्या खोळीसारखा रिकामा झालेला. घरच्यांना त्यानं बाहेर जायला सांगितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आता तरी खरं सांग. लागत हुती न्हवं?"

"किती डाव सांगू? न्हाय लागत हुती."

"खोटं. मी अडलो तसाच तू अडलास."

"तू कुठं अडलास? तू तर पुरा कागद वाचून न्हाय म्हनलास."

"मोडीचं न्हवं. आदी. इंग्रजी." त्याला दम लागला. मी पाणी दिलं. "त्यो शब्द मला येत हुता. तूच शिकिवलाता की रंकाळ्यावर. मी मुद्दाम थांबलो. म्हनलं, आता तू सांगशील, आनि तुला जागा मिळंल, तू हितंच ऱ्हाशील. तर तू खुळ्यावानी गप. वस्तादाचा शब्द पाळत बसलास." तो हसायचा प्रयत्न करत होता. "म्हून मला ठावं हाय. तूबी त्येच केलंस. मला न्हाय शिकवायचं."

सगळा जन्म मला वाटत आलं होतं की त्या खोलीत त्याचं भलं मी केलं. त्यानं आधीच, माझ्या आधी, ती जागा उचलून माझ्यापुढं ठेवली होती, आणि मी छाती फुगवून ती परत सारली होती. आणि तो आयुष्यभर मला स्वतःच्या मापानं मोजत आला होता.

तो माझ्या तोंडाकडं बघत होता, उत्तरासाठी थांबला होता. मी त्याचा हात हातात घेतला.

"व्हय गड्या," मी म्हटलं, "लागत हुती."